मेजर कँडी आणि मराठी शब्दांची अखेर

मुंबई सरकारने १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या मुखपृष्ठावर तीन लष्करी अधिकाऱ्यांची नावे आहेत. मुख्य संपादक कॅप्टन जेम्स टॉमस मोल्सवर्थ, आणि त्यांचे साहाय्यक लेफ्टनंट टॉमस कँडी व लेफ्टनंट जॉर्ज कँडी. ह्याच पृष्ठावर भाषेचे नाव रोमन अक्षरांत छापले आहे ते आजच्यापेक्षा निराळे. त्याच्या आरंभी 'एम' नंतर 'यू' आहे आणि अखेरीस दोन 'ई' आहेत. सव्वीस वर्षांनी, १८५७ साली, कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा 'यू'च्या जागी 'ए' आला होता आणि अखेरच्या दोन 'ई' जाऊन एकच 'आय' उरला होता. मधल्या काळात मराठी माणसाने आपल्या भाषेचे नाव उच्चारण्याची रीत बदलली नव्हती. बदलला होता तो इंग्रजांचा लेखनविचार. इंग्रजी कानाला ऐकू येईल तसे इंग्रजी वळणाने लिहावे, ही गिलख्रिस्टप्रणीत पद्धत मागे पडली आणि मूळ अक्षराशी इमान राखणारी, सर विल्यम जोन्स यांच्या परंपरेतील पद्धत पुढे आली.

शब्दाची अखेर कानाने ठरवावी की मुळाने, हा प्रश्न मुखपृष्ठावर एका शब्दापुरता दिसतो. टॉमस कँडी यांच्या वाट्याला तो आयुष्यभर आला आणि त्याची दिशा उलटी होती. इंग्रजीत मराठी शब्द कसा लिहावा हे ठरविणे त्या मानाने सोपे होते. मराठीत मराठी शब्द कसा लिहावा, हे ठरविण्याचे काम एका इंग्रज अधिकाऱ्याकडे यावे, ही घटना आधुनिक भारतीय भाषांच्या इतिहासात सर्वस्वी एकाकी नाही, परंतु मराठीत तिचे परिणाम फार दूरवर गेले.

कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडात ईस्ट नॉईल ह्या गावी झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. टॉमस १८२२ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच, कंपनी सरकारच्या लष्करात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. पेशवाई बुडून अवघी चार वर्षे झाली होती. नव्याने हाती आलेल्या मुलखाचा कारभार करावयाचा तर त्या मुलखाची भाषा यावयास हवी, आणि पलटणीतील शिपायांशी बोलावयाचे तरी ती हवीच. देशी भाषांच्या परीक्षा देऊन दुभाषाची जागा मिळविणे, हा बुद्धिमान तरुण अधिकाऱ्याला बढतीचा एक मार्ग होता. बहुतेकांच्या बाबतीत भाषाभ्यास तेथेच संपे. कँडी बंधूंच्या बाबतीत तो तेथून सुरू झाला. मोल्सवर्थ यांनी पलटणीत असताना स्वतःच्या उपयोगासाठी शब्दांची टाचणे करावयास आरंभ केला होता. पुढे सरकारने कोशाचे काम त्यांच्यावर सोपविले, तेव्हा त्यांना जोडीदार म्हणून हे दोघे भाऊ मिळाले. जॉर्ज यांनी कालांतराने लष्कर सोडून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली व ते मुंबईत त्या कामात रमले. टॉमस मात्र मराठीतच राहिले आणि अखेरपर्यंत राहिले.

कोशाच्या कामावर शास्त्रीमंडळी नेमलेली होती. त्यांच्या परिश्रमांतून १८२९ साली 'महाराष्ट्र भाषेचा कोश' हा मराठी-मराठी कोशही बाहेर पडला. ह्या मंडळींनी शब्द गोळा करावे, अर्थ सांगावे आणि साहेबांनी ते पारखून इंग्रजीत उतरवावे, अशी साधारण वाटणी होती. गोळा होत असलेला शब्द लिहिला जात होता, आणि लिहिण्याच्या क्षणीच अडचण उभी राहत होती.

त्या काळी मराठी लिहिणारा माणूस म्हणजे मोडी लिहिणारा माणूस. कागदावर आधी आडवी ओळ मारून घ्यावी आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरे लटकवीत जावे, ही मोडीची रीत. तिच्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची गरज नव्हती, विरामचिन्हे नव्हती, आणि मुख्य म्हणजे इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता. वेलांटी एकच, उकार एकच. जमाखर्च, वतनपत्रे, निवाडे, राजकारणाची पत्रे हे सारे लेखन शतकानुशतके ह्या एका वेलांटीवर निभावले होते. कोणाचे काही अडले नव्हते, कारण मराठीत शब्दाच्या अखेरीस येणारा इकार किंवा उकार बोलताना लांबच होतो. तेथे ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. बाळबोध लिपी होती ती पोथ्यांसाठी, आणि पोथी लिहिणारे हात संस्कृतात तयार झालेले. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८१० साली मराठीचा कोश छापला तो मोडीत. मुंबई सरकारने शाळांसाठी आणि कोशासाठी बाळबोध पत्करली. ह्या एका निर्णयाने मराठी लिहिणाऱ्याच्या हाती दोन वेलांट्या आणि दोन उकार आले, आणि कोणती केव्हा वापरावी हा प्रश्न त्यांच्यासोबत आला.

पत्र लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येतो. कोशकाराला तो टाळता येत नाही. कोशात प्रत्येक शब्दाला एक जागा असते आणि ती जागा अक्षरक्रमाने ठरते. 'कवि' आणि 'कवी' ह्यांच्या जागा वेगळ्या, 'केळे' आणि 'केळें' ह्यांच्या वेगळ्या. शब्द शोधणाऱ्याने कोठे बोट ठेवावे, हे आधी ठरले पाहिजे. मोल्सवर्थ आणि कँडी हे उदार वृत्तीचे कोशकार होते. शास्त्र्यांना गावंढळ वाटणारे शब्द त्यांनी घेतले, कोकणातले घेतले, देशावरले घेतले, शेतकऱ्यांचे व कारागिरांचे घेतले, आणि एका शब्दाची दोन-तीन रूपे चालत असतील तर तीही नोंदविली. शब्दाच्या निवडीत ते शास्त्र्यांचे बंदे नव्हते. शब्दाच्या अखेरीत मात्र ते शास्त्र्यांच्या बाजूने गेले.

ही बाजू कोणती, ते नीट पाहिले पाहिजे. माळी, मोती, वाटी, पाणी, लाडू, चाकू हे शब्द मराठीचे स्वतःचे किंवा मराठीने पचविलेले. ह्यांची अखेर दीर्घ. सरकारी, दरबारी, बाजू हे फार्सीच्या वाटेने आलेले, तेही दीर्घ. परंतु कवि, हरि, मति, भक्ति, गुरु, साधु, वस्तु हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व. नदी, स्त्री, वधू हेही संस्कृतच, पण संस्कृतातच दीर्घ, म्हणून दीर्घ. 'विद्यार्थी' आणि 'स्वामी' ह्यांची मूळ संस्कृत अंगे नकारान्त, परंतु मराठीने उचलली ती त्यांची प्रथमेची रूपे, म्हणून तेही दीर्घ. समासात मात्र मूळ अंगाने डोके वर काढावे आणि 'विद्यार्थिगृह' लिहिताना वेलांटी पुन्हा पालटावी. श्रेणि-श्रेणी, युवति-युवती अशा काही शब्दांना संस्कृतच दोन्ही रूपे देते. आणखी एक वळण असे की 'कवि' ऱ्हस्व खरा, पण त्याला विभक्तीचा प्रत्यय लागला की 'कवीला', 'कवीचा' अशी वेलांटी दीर्घ होते, कारण प्रत्यय मराठीचा आहे. पुण्याच्या पेठेतील कोणताही माणूस 'कवि' आणि 'माळी' ह्यांची अखेर बोलताना सारखीच लांबवितो. लिहिताना मात्र त्याने पहिला संस्कृत व दुसरा देशी हे ओळखावे, पहिल्याचे संस्कृतातील मूळ रूप आठवावे आणि मग बोरू टेकवावा, अशी अपेक्षा होती. सारांश, एका वेलांटीसाठी दोन भाषा याव्या लागत.

अनुस्वाराची गोष्ट निराळी आणि अधिक गुंतागुंतीची. नपुंसकलिंगी शब्दांच्या अखेरीस टिंब: केळें, तळें, वासरूं, लिंबूं. नपुंसकलिंगी अनेकवचनावर टिंब: घरें, झाडें. तृतीयेला टिंब, सप्तमीला टिंब. 'तो करतो' येथे टिंब नाही, 'मी करतों' येथे आहे. ही टिंबे शास्त्र्यांच्या कल्पनेतून निघालेली नव्हती. जुन्या मराठीत तेथे खरोखर नासिक्य उच्चार होता. संस्कृत-प्राकृतातील नपुंसक प्रत्ययांचा तो अवशेष होता, ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत तो लिहिलेला सापडतो, आणि कोकणपट्टीत व गोव्याकडील बोलीत तो आजही कानावर पडतो. देशावरच्या, विशेषतः पुण्याच्या, बोलण्यातून तो गळून गेला होता किंवा गळत चालला होता. तरीही टिंबाला व्याकरणात काम होते. 'ते' म्हणजे ते पुरुष, 'तें' म्हणजे ती एक वस्तू. 'ती' म्हणजे ती स्त्री, 'तीं' म्हणजे ती मुले. 'घोडे' म्हणजे अनेक घोडे, 'घोडें' म्हणजे एकच जनावर. वेलांटीच्या अखेरीत केवळ मुळाचा मान होता. टिंबाच्या अखेरीत लिंग, वचन आणि पुरुष ह्यांची ओळख होती. दोन्ही बाबतींत पुणेकराचा कान मात्र लिहिणाऱ्याला काही सांगत नव्हता.

ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला ह्या अवस्थेत विलक्षण असे काही वाटण्याचे कारण नव्हते, ही गोष्ट कँडी यांच्या चरित्रकाराने ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजीत ए-बी-एल-ई आणि आय-बी-एल-ई ही दोन शेपटे उच्चारात जवळजवळ एकच आहेत. कोणत्या शब्दाला कोणते लावावे हे बहुधा त्या शब्दाच्या लॅटिन धातूचा गण ठरवितो. 'शन' असा एकच ध्वनी कोठे टी-आय-ओ-एन असा, कोठे एस-आय-ओ-एन असा लिहावा लागतो, आणि कारण पुन्हा लॅटिनमध्येच शोधावे लागते. ए-एन-टी आणि ई-एन-टी, ई-आर आणि ओ-आर ह्या जोड्यांचीही तीच कथा. इंग्रज मुलाला शाळेत छडी बसे ती अशा अखेरींवर. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशाने ह्या लेखनाला स्थैर्य दिले होते. नोआ वेब्स्टर यांनी अमेरिकेत १८२८ साली आपला मोठा कोश काढून काही अखेरी सोप्या केल्या, ओ-यू-आर मधला 'यू' काढून टाकला आणि काही शब्दांतील आर-ई उलटवून ई-आर केला. मोल्सवर्थ-कँडींचा कोश त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी आला. परंतु मराठी कोशाच्या कर्त्यांनी वेब्स्टरांची वाट घेतली नाही. जॉन्सनच्या देशात वाढलेल्या माणसाला शब्दाचे शेपूट त्याच्या कुळावरून लिहावे हे स्वाभाविक वाटले असावे. लॅटिनच्या जागी संस्कृत घातले की शास्त्र्यांचे म्हणणे त्याला सहज पटण्यासारखे होते. परक्याने मराठीवर परका नियम लादला असे जे कधीकधी म्हटले जाते, ते ह्या बाबतीत खरे नाही. नियम पुण्याचाच होता. परक्याच्या संस्काराने त्याला पुष्टी मिळाली, आणि सरकारी छापखान्याने बळ दिले.

प्रकृतीच्या कारणाने मोल्सवर्थ १८३६ साली मायदेशी परतले. इंग्रजी-मराठी कोशाची आखणी व आरंभ त्यांचा; तो पुढे चालवून पूर्ण केला कँडी यांनी, आणि १८४७ साली तो प्रसिद्ध झाला. हे काम पहिल्या कोशाहून अवघड होते. मराठी शब्दाला इंग्रजी अर्थ देताना मागे समृद्ध गद्याची परंपरा असलेली भाषा हाताशी असते. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देताना कित्येकदा तो घडवावाच लागतो, आणि घडविलेला शब्द संस्कृत असला की त्याची अखेरही संस्कृत.

दरम्यान १८३७ साली कँडी यांची पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर देखरेखीसाठी नेमणूक झाली होती. एल्फिन्स्टन यांच्या धोरणातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली ही पाठशाळा म्हणजे पेशव्यांच्या दक्षिणेचा नवा अवतार. न्याय, व्याकरण, अलंकार, ज्योतिष, वेद ह्यांचे अध्ययन तेथे चाले. मराठीला तेथे स्थान नव्हते. जी भाषा बोलायला शिकावी लागत नाही ती शिकवायची कशाला, असा तेथल्या वातावरणाचा भाव होता. कँडी यांचा शैक्षणिक विचार ह्याच काळात स्थिरावला. नवे ज्ञान इंग्रजीतून यावे, ते लोकांपर्यंत देशी भाषांतून पोचावे, आणि देशी भाषांना लागणारे बळ व सौष्ठव संस्कृताच्या भांडारातून मिळावे, असे त्यांचे मत होते व ते त्यांनी सरकारी अहवालांतून आग्रहाने मांडले. इंग्रजीचा पुरस्कार जोरात असलेल्या त्या दशकांत मराठीची बाजू घेणारा हा आवाज महत्त्वाचा होता. त्याच विचारात मराठीला संस्कृताच्या अंकित ठेवण्याचे बीजही होते. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात नांदत होत्या, आणि कँडींच्या गुणदोषांचा हिशेब करणाऱ्याला त्या सुट्या करता येत नाहीत.

पाठशाळेची इंग्रजी शाळेशी सांगड घालून १८५१ साली पूना कॉलेज निघाले. त्याचे कँडी हे प्रमुख. हेच कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे ह्या पाठशाळेतून पुढे आलेले, संस्कृतात निष्णात आणि इंग्रजी नंतर शिकलेले विद्वान. ते पुढे भाषांतराच्या कामात कँडींच्या जवळ आले. परशुरामपंत तात्या गोडबोले हेही ह्याच मंडळातले. त्यांनी १८५४ साली 'नवनीत' हा जुन्या मराठी कवितेचा संग्रह सिद्ध केला, तेव्हा नाना हातांच्या पोथ्यांतील नाना अखेरी छापील शिस्तीत आणाव्या लागल्या. कवितेत ही शिस्त कधी उपयोगी पडे तर कधी अडचणीची ठरे. अक्षरगणवृत्तात 'कवि' हे दोन लघू आणि 'कवी'त दुसरे अक्षर गुरू. पंडित कवी गरजेप्रमाणे दोन्हीकडे झुकत. गद्याच्या नियमाने पद्य तपासले तर मोरोपंतही चुकलेले दिसतील.

कँडींच्या स्वतंत्र पुस्तकांपैकी लेखनपद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे १८५० चे 'विरामचिन्हांची परिभाषा'. पद्यात एक दंड व दोन दंड, एवढीच मराठीची जुनी पुंजी. इंग्रजी गद्यातील स्वल्पविरामापासून उद्गारचिन्हापर्यंतची सारी चिन्हे मराठी वाक्यात कोठे व कशी घालावीत, हे ह्या लहानशा पुस्तकाने शिकविले. आज मराठी वाचणाऱ्याला ही चिन्हे परकी वाटत नाहीत, इतकी ती मुरली. 'नीतिज्ञानाची परिभाषा', 'भाषणसांप्रदायिक वाक्ये' ही त्यांची इतर पुस्तके आता अभ्यासकांपुरतीच उरली आहेत. शब्दांची अखेर आणि वाक्याची अखेर अशी दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून व्हावीत हा योगायोग म्हणावा काय? मोडीच्या अखंड ओळीत ना शब्द संपलेला दिसे ना वाक्य. छापील पानाला दोन्हींची सीमा हवी होती.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ सालीच निघाले होते. त्यांचे व्याकरण आणि मोल्सवर्थ-कँडींचे कोश हे नव्या मराठीचे दोन खांब. पण व्याकरण वाचणारे थोडे आणि कोश विकत घेणारे त्याहून थोडे. खरा प्रसार झाला तो क्रमिक पुस्तकांतून. १८५५ साली शिक्षण खाते स्थापन झाल्यावर शाळांची संख्या वाढू लागली, आणि सरकारी मराठी भाषांतरकार ह्या नात्याने शाळेत जाणारे बहुतेक मराठी पुस्तक कँडींच्या नजरेखालून जाऊ लागले. लेखक कोणीही असो, वेलांट्या आणि टिंबे एकाच शिस्तीची. रत्नागिरीचा मुलगा जे नाकातून बोलत असे आणि पुण्याचा मुलगा जे बोलतच नसे, ते दोघेही आता एकाच ठिकाणी टिंब देऊ लागले. प्रमाण मराठी लेखन असे जे आपण म्हणतो ते ह्या मेजावर तयार झाले. कोणत्याही शासनाने काढलेल्या आज्ञेपेक्षा मुलाच्या हातातील पुस्तकाचा अंमल अधिक असतो.

ह्या अंमलाची दुसरी बाजू विश्रामबागवाड्यातीलच एका प्रसंगाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी तेथे सरकारतर्फे जोतीराव फुले यांचा सत्कार झाला, मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या कार्याबद्दल. शालजोडी अर्पण करण्याचा मान मेजर कँडी यांच्याकडे होता. पेशव्याने बांधलेल्या वाड्यात, दक्षिणेच्या परंपरेतील संस्थेच्या प्रमुखाने एका माळी गृहस्थाचा गौरव करावा, ह्याचे त्या काळच्या पुण्याला काय वाटले असेल ह्याची कल्पना करता येते. ह्या उपक्रमाबद्दल कँडींची सहानुभूती खरी होती, ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण फुल्यांच्या शाळेत बसणाऱ्या मुलीच्या हाती जे पुस्तक येणार होते, त्यातील 'भक्ति' ऱ्हस्व का आणि 'शक्ति' ऱ्हस्व का, ह्याचे उत्तर तिच्या घरात कोणापाशी नव्हते. शास्त्र्याच्या मुलाला ते पाठांतरातून आपोआप मिळे. त्याने रूपावली घोकलेली असे, आणि 'मति' त्याच्या कानात ऱ्हस्वच बसलेली असे. एकच नियम एका मुलाला घरचा आणि दुसरीला परका होता.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली आणि तिच्यात पुढे फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला गेला, तेव्हा व्याकरणाच्या व शुद्धलेखनाच्या चुका हे टीकाकाराच्या हातातील एक मुख्य शस्त्र होते. 'गुलामगिरी'च्या कर्त्याने मांडलेल्या इतिहासाला उत्तर देण्यापेक्षा त्याच्या भाषेवर बोट ठेवणे सोपे होते. कँडींचा ह्या वादाशी प्रत्यक्ष संबंध नाही. शस्त्र मात्र त्यांच्याच भट्टीत घडलेले होते. गंमत अशी की कँडींच्या मराठीची टर उडविणाऱ्यांतही विष्णुशास्त्री अग्रेसर होते. सरकारी भाषांतरांतील आणि मिशनऱ्यांच्या पुस्तकांतील मराठी त्यांना साहेबी, बेचव आणि वाक्यरचनेत इंग्रजीची गुलाम वाटे, आणि ही टीका अन्यायाची नव्हती. कँडींचे मराठी गद्य बिनचूक आहे, पण ते चालत नाही. एका जागी उभे राहून बोलते. मराठी वाक्याला स्वतःचा जो झोक असतो तो त्यांच्या लेखणीला कधी साधला नाही. तरी त्यांची टर उडविणारी 'निबंधमाला' छापली गेली ती त्यांच्याच टिंबांनी आणि त्यांच्याच वेलांट्यांनी.

कँडी इंग्लंडात जाऊन निवृत्तीचे आयुष्य भोगू शकले असते. ते पुण्यातच राहिले. लष्करात त्यांची नोंद मेजर म्हणून असली तरी त्यांचे खरे सैन्य शास्त्री, पंतोजी, भाषांतरकार आणि छापखान्यातील जुळारी ह्यांचे. हस्तलिखितामागून हस्तलिखित येत राहिले व ते तपासत राहिले. पन्नास वर्षांहून अधिक काळ एका परभाषेची बारीक अक्षरे न्याहाळण्यात गेलेले हे आयुष्य २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वरी संपले. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री गेले.

त्यांनी स्थिर केलेली लेखनपद्धती त्यांच्यामागे वीस वर्षे जवळजवळ निर्विवाद राहिली. शतकाच्या अखेरीस साने, गोडबोले आणि हातवळणे ह्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातूनही काढावेत अशी मागणी केली आणि मोठा वाद माजला. काशिनाथ नारायण साने हे 'काव्येतिहाससंग्रहा'च्या संपादकांपैकी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांत मुरलेले. मोडीची एकच वेलांटी त्यांच्या नित्य नजरेखालची होती. विरोधकांचे म्हणणे असे की टिंब गेले की 'ते' आणि 'तें' एक होतील आणि अर्थाचा गोंधळ उडेल. वादाचा निकाल लागण्यास साठ वर्षांहून अधिक काळ लागला. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. शब्दाच्या अखेरचा इकार-उकार, शब्द संस्कृत असो वा देशी, दीर्घ झाला. 'कवि' 'माळी'च्या पंक्तीला येऊन 'कवी' झाला. 'आणि' व 'नि' ही अव्यये तेवढी ऱ्हस्व राहिली, आणि संस्कृत अव्ययांना सवलत मिळाली. समासात 'कविचरित्र', 'गुरुदक्षिणा' असे मूळ रूप कायम ठेवण्यात आले, तेव्हा शास्त्री पूर्णपणे हरले असेही म्हणता येत नाही. 'ते' आणि 'तें' ह्यांचा गोंधळ काही झाला नाही. वाक्यातील क्रियापद आणि आगचामागचा संदर्भ ते काम करीत आहेत.

मोल्सवर्थांच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती, जिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत, ती पुण्यात १९७५ साली पुन्हा छापण्यात आली आणि आजही ती अभ्यासकांच्या मेजावर असते. तिच्यात केळें, तळें, वासरूं आपापल्या टिंबांसह जागच्या जागी आहेत, कवि आणि गुरु ऱ्हस्व आहेत. त्याच घरातील शाळकरी मुलाने तिच्यात पाहून 'केळें' लिहिले तर बाई त्या टिंबावर लाल शाईने गोल काढतात.